पाचशे पौंड गवत

गोदावरी परुळेकर म्हटले की मराठी वाचकाला ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आठवते. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले हे पुस्तक आपण वाङ्मय म्हणून वाचतो आणि त्यामागचा मजुरीचा हिशेब विसरतो. १९४५च्या वारली उठावाचे मर्म मात्र त्या हिशेबातच आहे.

पुण्याच्या गोखले घराण्यातल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या गोदूताई डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत गेल्या, तेव्हा तिथे ‘लग्नगडी’ होते. लग्नापुरते चार पैसे जमीनदाराकडून उचलायचे आणि जन्मभर त्याच्या दारी राबायचे; नवी नवरीही त्याच कर्जात. वेठ आमच्या मराठवाड्याला परकी नव्हती, पण लग्नालाच गुलामीचा कागद करणारी ही रीत वेगळीच.

मे महिन्यात झरीच्या परिषदेत वेठ बंद करण्याचा निर्धार झाला. मग गवतकापणीच्या हंगामात संप. मागणी एकच, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हा दर पाठ होतो, आणि त्यात कुणाला गोलमाल करता येत नाही. गोदूताईंची खरी वकिली मला इथे दिसते.

वारली त्यांना ‘गोदाराणी’ म्हणत. त्या नावाचाच गळ झाला. गोदाराणी येणार, तिच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी आवई उठवून तलवाड्याला माणसे जमवली गेली. ११ ऑक्टोबरला पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. जेठ्या गांगड त्यांतला एक. पुढे परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केले गेले. संप चालूच राहिला, आणि जमीनदारांना अडीच रुपये मोजावे लागले.