तळं कुणाचं, उजेड कुणाचा?

आपल्या नाचणगावात हिवाळ्यात पऱ्हाट्या-तुराट्यांची शेकोटी पेटते. वीज गावात आली, पण गरिबाची ऊब अजून काटक्यांचीच. हे असं का, ते इतिहासाला विचारू.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. वीज त्यांच्याच खात्यात. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी बजावलं : वीज स्वस्त पाहिजे, मुबलक पाहिजे. त्याशिवाय कारखाने नाहीत, आणि कारखान्यांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही.

पुढं कोयना झाली. नदीचं पाणी अडवलं, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडं पाडलं. १९६२ ला वीज सुरू झाली. मुंबई उजळली, आमच्यासारख्यांचे माग फिरले. इकडं शिवसागर तलावात गावं बुडाली. उठलेली माणसं कुणी काठावर वर सरकली, कुणी परमुलखात गेली. ११ डिसेंबर १९६७ ला, ऐन थंडीत, पहाटे भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं मेली. वाचलेल्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. १९८५ ला काठचं जंगल अभयारण्य झालं, तशी सरपणावरही बंधनं आली. पाणी गेलं, जमीन गेली, आता काटकीलाही परवानगी! हक्काच्या पुनर्वसनासाठी हे लोक २०१८ सालीही कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते.

बाबासाहेबांनी वीज मागितली ती दारिद्र्य हटवायला. ज्यांच्या चुली बुडवून ती काढली, त्यांनाच दारिद्र्यात ढकलायला नव्हे. १९२७ ला महाडच्या तळ्यावर आपण पाण्याचा हक्क बजावला. त्याच पाण्यातून निघणाऱ्या विजेचा हिशोब आता मागायचा की नाही?