मैदानाचे अंतर : नांदेड-लातूरची ग्रामीण महाविद्यालये आणि त्यांचे खेळ

नांदेड वा लातूर जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी गेल्यास एक महाविद्यालय हमखास आढळते. इमारत साधी, कमानीवर बहुधा एखाद्या हुतात्म्याचे किंवा समाजसुधारकाचे नाव, आणि मागे मुरूम टाकलेले एक मैदान. इमारतीचा इतिहास संस्थेच्या स्मरणिकेत असतो. मैदानाचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाही. हा थ्रेड त्या मैदानाविषयी.

आरंभ करावा लागतो तो निजामी राजवटीपासून. हैदराबाद संस्थानात सभा घेण्यासाठी परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ते फर्मान कुप्रसिद्ध आहे. खासगी शाळा काढण्यासाठी परवानगी लागे. आणि आखाडा किंवा व्यायामशाळा चालविण्यासाठीही लागे! तीन बंधने एकत्र ठेवून पाहिली म्हणजे सत्तेचे गणित उलगडते. चार माणसे एकत्र बसून बोलली, शिकली किंवा दंड-बैठका काढू लागली, तरी सरकारच्या दृष्टीने धोका एकच होता. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात आखाड्यांवरील बंधनांची तक्रार धर्मस्वातंत्र्याच्या मागणीसोबतच मांडली गेली. उदगीरचे वकील भाई श्यामलाल यांचा १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा सारा भाग त्या वेळी बिदर जिल्ह्यात होता, हे आजच्या नकाशावरून ध्यानात येत नाही.

त्यामुळे या भागात शाळा आणि तालीम यांच्यात भिंत अशी उभीच राहिली नाही. १९२१ साली उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तिचे मुख्याध्यापक झाले आणि १९३० साली संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखले जाऊ लागले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व ज्यांनी केले, ते मुळात खेड्यातील एका शाळेचे मुख्याध्यापक होते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपते. वास्तविक पुढचे सारे तिच्यातूनच निघाले आहे.

उच्च शिक्षण मात्र दूर होते, शब्दशः दूर. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली हैदराबादेत स्थापन झाले, त्याचे माध्यम उर्दू. मराठवाड्यात औरंगाबादचे सरकारी कॉलेज होते. १९३८ च्या ‘वंदे मातरम्’ चळवळीत दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून व वर्गांतून काढण्यात आले, तेव्हा त्यांपैकी अनेकांना आसरा मिळाला तो नागपूर विद्यापीठात. भाषा आपली नाही म्हणून हैदराबाद परके, आणि आपली भाषा बोलणारे नागपूर परप्रांतात, अशी मराठवाड्यातील विद्यार्थ्याची कोंडी होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई संपली आणि संस्थान भारतात आले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, स्वामीजींच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. नरहर कुरुंदकर पुढे याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले; तेच आजचे मिलिंद. नांदेडचे नवे कॉलेज संलग्न होते ते अर्थातच उस्मानियाला. सत्ता बदलली, तरी परीक्षा आणि खेळांची निवड हैदराबादच्याच वाटेने जात होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि ही वाट औरंगाबादकडे वळली.

नंतरची दहा-बारा वर्षे हा या कथेचा सर्वांत भरलेला काळ. १९५९ मध्ये कंधारला श्री शिवाजी महाविद्यालय, १९६१ मध्ये लातूरला दयानंद, १९६२ मध्ये उदगीरला महाराष्ट्र उदयगिरी, १९६३ मध्ये देगलूर महाविद्यालय, १९७० मध्ये लातूरला राजर्षी शाहू. यांतील कंधारचे उदाहरण विशेष पाहण्यासारखे आहे. राष्ट्रकूटकालीन किल्ल्याचे हे गाव. तेथे शेतकरी कामगार पक्षाचे भाई केशवराव धोंडगे यांनी संस्था उभारली आणि तिच्या नावातच ‘मोफत’ हा शब्द घातला : श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी. शिक्षणसंस्थेच्या नावात अध्यात्म नाही, दात्याचे नाव नाही. आहे ती थेट फीविषयीची भूमिका! अर्जापूरच्या महाविद्यालयाला नाव मिळाले हुतात्मा गोविंदराव पानसरे यांचे. त्यांची हत्या १९४६ मध्ये याच अर्जापूरजवळ झाली होती.

आता मैदान. मराठवाड्याची काळी कापसाची जमीन पिकाला चांगली, धावपटूला वैरीण. पावसाळ्यात ती पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मैदान करायचे म्हणजे आधी मुरूम आणून अंथरायचा, त्यावर पाणी मारून रोलर फिरवायचा, मगच फक्कीने चारशे मीटरची धावपट्टी आखायची. ज्या भागात उन्हाळ्यात पिण्यालाच पाणी मिळणे कठीण, ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे मैदानावर पाणी मारणे हीदेखील एक चैनच ठरते. कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि क्रॉसकंट्री हे खेळ येथे रुजले, त्यात परंपरेइतकाच खर्चाचा आणि जमिनीचा वाटा आहे. हॉकीची काठी विकत घ्यावी लागते. खो-खोला दोन खांब रोवले की पुरते.

पण केवळ मैदानाने भागत नाही. महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. निवडीचे ठिकाण जेथे, तेथे जाण्याचे भाडे, मुक्काम, जेवण आणि बुडालेला रोजगार हा खेळाडूच्या कसोटीचाच भाग होतो. देगलूर तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेवर. तेथून औरंगाबाद म्हणजे जवळजवळ सगळा मराठवाडा ओलांडणे. लातूरला १९११ च्या सुमारास रेल्वे आली होती, परंतु ती बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची, पश्चिमेकडे नेणारी. औरंगाबादेशी तिचा संबंध नव्हता. १९५८ नंतरची छत्तीस वर्षे नांदेड-लातूरच्या खेळाडूला विद्यापीठाचा ‘कलर’ मिळविण्यासाठी हे अंतर कापावे लागले. किती जण एसटीच्या भाड्यापाशीच थांबले, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

दुसरीकडे खरी गुणवत्ता महाविद्यालयाला वळसा घालून निघून जात होती. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार घडले ते कोल्हापूरच्या तालमीत. १९६९ मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तम-ए-हिंद. बेळगावच्या मैदानात त्यांनी सत्पालला हरविले, तो प्रसंग जुने कुस्तीशौकीन आजही सांगतात. नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पिढी घडविली. त्यांच्या शिष्यांपैकी काका पवार, तेही लातूर जिल्ह्याचेच, ग्रीको-रोमन कुस्तीत अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. लातूरच्या मातीतले गुरू-शिष्य, आणि तालीम मात्र पुण्यात! माळेगावच्या खंडोबाच्या आणि लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्यांचे फड रंगत होतेच. पण यात्रेचा फड मातीवरचा आणि विद्यापीठाची स्पर्धा गादीवरची. मातीतल्या पोराला गादी आणि खुराक पुरवील अशी व्यवस्था तालुक्याच्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरची होती. याचा दोष त्या महाविद्यालयांना देणे अन्यायाचे ठरेल.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्रामदिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य. नांदेड, लातूर आणि परभणी (ज्यातून पुढे हिंगोली वेगळा झाला) एवढेच कार्यक्षेत्र असल्यामुळे देगलूर वा मुखेडच्या मुलाला निवडचाचणी देऊन त्याच दिवशी घरी परतणे शक्य झाले. नव्या विद्यापीठाविषयीच्या चर्चा प्रादेशिक अस्मितेभोवती घुटमळतात. खेळाडूच्या दृष्टीने पाहिले तर लाभ एका दिवसाच्या प्रवासाचा होता, आणि तो अस्मितेहून लहान नव्हता.

मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे. परगावी मुक्काम म्हटले की घरून नकार येई. अंतर घटले की होकाराची शक्यता वाढते. लातूर १९८२ पर्यंत ज्या जिल्ह्याचा भाग होता, त्या उस्मानाबादची सारिका काळे भारतीय खो-खो संघाची कर्णधार झाली आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मुखेड तालुक्यातील होनवडजची भाग्यश्री जाधव हिने आशियाई पॅरा स्पर्धेत गोळाफेकीचे रौप्यपदक मिळविले आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात सुमित अंतिलसोबत तिरंगा धरला.

याच काळात ‘लातूर पॅटर्न’ने गुणवत्ता यादीची ख्याती मिळविली. त्याचे यश निर्विवाद. त्याने खेड्यातील हजारो मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केले. पण संध्याकाळचे दोन तास शिकवणीला गेले आणि मैदानाचे तेवढे तास कायमचे हरपले.

तरीही पहाटे ही मैदाने रिकामी नसतात. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आसपासच्या खेड्यांतील मुले-मुली अंधारातच येतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, दोघांना शंभर मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. त्यांतील पुष्कळांनी महाविद्यालय केव्हाच सोडलेले असते, काहींनी तेथे प्रवेशही घेतलेला नसतो. मैदानाला मात्र बहुतेक ठिकाणी फाटक नसते, आणि असले तरी पहाटे पाच वाजता ते उघडेच असते.