आरमारी वैमानिकांची चामडी जाकिटे

सिंधुदुर्गावरचे श्रीशिवराजेश्वराचे मंदिर मालवणकरांना नवे नाही. राजाराम महाराजांनी ते बांधविले. पण त्या मूर्तीच्या वेषाकडे आपल्यापैकी किती जणांनी निरखून पाहिले असेल? नेहमीच्या चित्रांतला जिरेटोप तेथे नाही, दाढीही नाही. डोईवर आहे ती नाविकाच्या धाटणीची टोपी. ज्या राजाने १६६४ साली कुरटे बेटावर ह्या किल्ल्याचा पाया घातला, त्याला ह्या भूमीने दर्यावर्द्याच्या वेषात पूजिले, एवढी गोष्ट ती एक टोपी सांगते. इतिहासाच्या साधनांत आपण कागदाला मान देतो, ताम्रपटाला देतो. अंगावरच्या वस्त्राला मात्र फारसे काही विचारीत नाही. म्हणून आज एका वस्त्राविषयीच बोलावे असे मी ठरविले. ते आपल्या किनाऱ्यावरचे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आरमाराच्या वैमानिकांनी वापरलेले ते चामडी जाकीट होय.

मालवणच्या हवेत चामड्याचे जाकीट म्हटले की ऐकूनच घाम फुटावा. पण हजार मीटर वर चढले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. किनाऱ्यावर तीस अंश असतील, तर तीन हजार मीटरवर दहाच उरतात. वर वाऱ्याचा मारा निराळा. तेव्हा हे जाकीट ऐटीसाठी जन्मले नाही. ऐट मागाहून आली, आणि १९८६ च्या ‘टॉप गन’ ह्या चित्रपटानंतर तर तिला सीमा राहिली नाही. जुन्या मालाला किंमत चढली, तशा हुबेहूब नकलाही निघाल्या. नवे जाकीट नवे म्हणून विकणाऱ्याशी आपले भांडण नाही. ते जुने म्हणून गळ्यात मारणाऱ्याशी आहे.

मग पारख करावी कशी? प्रथम कातडे पाहावे. आरमाराचे जाकीट बहुधा बकऱ्याच्या कातड्याचे असे. दशावतारातल्या मृदंगाच्या पुडीमुळे बकऱ्याचे कातडे आपल्याला परके नाही. कमावल्यावर मात्र त्याच्या पृष्ठावर बारीक दाणे उठून दिसतात. अमेरिकन भूदलाच्या वैमानिकांचे १९३१ पासूनचे ‘ए-२’ जाकीट पुष्कळदा घोड्याच्या कातड्याचे, म्हणजे गुळगुळीत आणि चकचकीत. त्याची कॉलर साधी चामड्याची, खिशांना टिचबटणे आणि पाठ एकसंध. आरमारी जाकिटाची कॉलर कातरलेल्या मेंढीच्या लोकरीची, खिशांच्या झाकणांना साधी बटणे, आणि पाठीला खांद्यांमागे दोन चुण्या. कॉकपिटमध्ये हात पुढे करताना पाठ आवळू नये म्हणून ह्या चुण्यांची सोय. ज्या शिंप्याने ती प्रथम योजिली, त्याने वैमानिकाला बसल्या जागी न्याहाळले असले पाहिजे!

पुढे झिपच्या आतल्या पट्टीवर छिद्रे टोचून ‘यू एस एन’ ही अक्षरे पाडलेली असतात. ती दिसली की नवखा संग्राहक हरखून जातो. पण युद्ध संपल्यावरच्या जाकिटांवरही तीच छिद्रे आहेत. तेवढ्यावरून युद्धकाळ सिद्ध होत नाही. खरी साक्ष मानेजवळच्या कापडी चिठ्ठीची. तीवर नमुन्याचा क्रमांक, ठेक्याचा क्रमांक, माप आणि बनविणाऱ्याचे नाव असते. ‘एम-४२२-ए’ असेल तर युद्धकाळ. ‘ए एन-जे-३’ असेल तर भूदल व आरमार ह्या दोहोंसाठी ठरविलेला युद्धातलाच नमुना. ‘एम आय एल-जे-७८२३’ असेल तर युद्धोत्तर काळ. अस्तर नायलॉनचे असेल तरीही शंका घ्यावी, कारण युद्धात नायलॉन प्रामुख्याने हवाई छत्र्यांकडे वळविलेले होते.

हे सारे मी एका फजितीतून शिकलो. मुंबईच्या एका जुन्या बाजारात असे जाकीट मला दाखविण्यात आले. छातीवर ‘रॉयल इंडियन नेव्ही’चा बिल्ला. “महायुद्धातल्या आपल्या आरमारी पायलटचे आहे, साहेब,” विक्रेता म्हणाला. अभिमानाने माझी छाती भरून आली, आणि छाती भरली की डोळे मिटतात. मी पैसे मोजले. घरी आल्यावर कालगणना आठवली. रॉयल इंडियन नेव्हीला विमानशाखाच नव्हती! महायुद्धात मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे किनाऱ्याच्या रक्षणासाठी विमानांच्या तुकड्या होत्या, पण त्या हवाईदलाच्या. कोइंबतूर, कोचीन येथे आरमारी विमानांचे तळ होते, पण ते ब्रिटिश आरमाराचे. भारतीय नौदलाचा पहिला विमानतळ ‘गरुड’ कोचीनला सुरू झाला तो ११ मे १९५३ रोजी, आणि ‘रॉयल’ हे बिरुद तर २६ जानेवारी १९५० रोजीच गळून पडले होते.

मग चिठ्ठी वाचली. क्रमांक युद्धोत्तर होता. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली बिल्ल्याचा दोरा निळापांढरा चमकला, जाकिटाचा मूळ दोरा चमकला नाही. बिल्ल्याची कड उचलून पाहिली, तर खालचे कातडे भोवतालच्या कातड्याइतकेच विटलेले. बिल्ला जुना असता तर त्याने झाकलेला भाग गडद राहिला असता. जाकीट खोटे नव्हते, त्याची गोष्ट खोटी होती.

ओबडधोबड बिल्ला म्हणजे मात्र खोटाच, असेही समजू नये. चीन-ब्रह्मदेश-हिंदुस्थान ह्या रणक्षेत्रावर आलेल्या अमेरिकन सैनिकांनी हिंदी कारागिरांकडून बिल्ले करून घेतले. कुणी चामड्याचे रंगीत तुकडे जोडून ते केले, कुणी जरीने भरले. तेथे वाकडा टाकाच खरेपणाची खूण ठरतो. त्या कारागिरांची नावे कोणत्याही चिठ्ठीवर नाहीत.

आपल्याकडे ह्या वस्तूंचा सर्वांत मोठा शत्रू लबाड विक्रेता नव्हे, पावसाळा आहे. बुरशी आली की आपण खोबरेल चोळतो किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळतो. दोन्ही घातक. सुती कापडात सैल गुंडाळावे, उघडीप मिळाली की सावलीत वारा द्यावा, आणि चिठ्ठी कितीही जीर्ण झाली तरी काढू नये.

मोठ्या वस्तू टिकतातच असे नाही. ‘विराट’ ही विमानवाहू नौका निवतीजवळच्या समुद्रात संग्रहालय म्हणून आणण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली होती. १९५९ पासून ब्रिटिश आरमारात ‘हर्मिस’ नावाने आणि १९८७ पासून भारतीय नौदलात वावरलेली ती नौका निवतीला आलीच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ती अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी लागली. तिची ‘सी हॅरियर’ विमाने चालविणाऱ्यांचे आणि डेकवर राबणाऱ्यांचे गणवेश आता कुठल्या कुठल्या घरांत, ट्रंकांत असतील. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत नौदलातून निवृत्त झालेल्यांची घरे पुष्कळ आहेत. अशी ट्रंक उघडाल तेव्हा कपडा धुण्यापूर्वी एका कागदावर पेन्सिलीने लिहा: कुणाचा, कोणत्या जहाजावरचा, कोणत्या साली. कागद त्याच खिशात ठेवा.

माझ्या जाकिटावरचा तो बिल्ला मी काढलेला नाही. खिशात चिठ्ठी आहे: “जाकीट अमेरिकन, युद्धोत्तर. बिल्ला मागाहून लावलेला. मी फसलो.” खाली तारीख घातली आहे.