फिरत्या थाळीचे दोष

१ जानेवारी १९३६ रोजी दिल्लीतील अलीपूर रोडवरून नभोवाणी केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले. पुढे १९४३ साली हा संसार पार्लमेंट स्ट्रीटवरील ‘ब्रॉडकास्टिंग हाऊस’मध्ये आला. एखाद्या घरातील ग्रामोफोन बेसूर वाजला, तर त्याचे दुःख त्या घरापुरतेच राहते. नभोवाणी केंद्रावरील ग्रामोफोनची थाळी मात्र किंचित मंद फिरली, तरी हजारो घरांत एकाच वेळी गवयाचा स्वर उतरतो. त्यामुळे थाळी एकसारख्या गतीने फिरविणे हा केवळ शौकिनांचा प्रश्न उरला नाही.

हा प्रश्न ग्रामोफोनइतकाच जुना आहे. एमिल बर्लिनरच्या आरंभीच्या यंत्रांची थाळी हाताने फिरवावी लागे आणि गाण्याचा सूर फिरविणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असे. अमेरिकेतील कॅम्डेन गावचा कारागीर एल्ड्रिज जॉन्सन याने १८९६ साली या यंत्राला स्प्रिंगची मोटर बसविली. तिच्यावर तीन लहान वजनांचा गतिनियामक होता. गती वाढली की वजने बाहेर फाकत आणि एका चकतीला चामड्याच्या तुकड्यावर घासवून वेग आवरीत. युक्ती मोठी नामी होती. पण ते चामडे कोरडे पडले, वजनांपैकी एखादे सैल झाले, की गाणे डुलू लागे. नवे यंत्र घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी असे घडल्यास मालकाचा संताप अनावर होई, यात नवल नाही.

दोष किती लहान असला म्हणजे कानाला खटकतो? गती सुमारे सहा टक्क्यांनी घटली, की सूर अर्ध्या स्वराने उतरतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी साडेत्र्याहत्तर पडल्या, तर काळी चारमध्ये गाणारा गवई पांढरी पाचमध्ये गाऊ लागतो. तो उतरलेला सूर एकवेळ चालेल. पण एकाच फेरीत वर-खाली हेलकावणारा सूर मुळीच चालत नाही. पियानोच्या तुटक स्वरांत असा हेलकावा काहीसा लपतो. आपल्याकडील आलापीत, जेथे एकच स्वर दीर्घकाळ धरून त्यावर विसावायचे असते, तेथे तो लगेच उघडा पडतो. या बाबतीत हिंदुस्थानी संगीताइतका कठोर परीक्षक यंत्राला क्वचितच मिळाला असेल.

१९४८ साली मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आली आणि जुन्या यंत्रांतील झाकलेले दोष बाहेर पडले. तिच्या चरी अतिशय सूक्ष्म, आवाज पुष्कळ वाढवून ऐकायचा. त्याबरोबर मोटरची घरघरही वाढून ऐकू येई. मूळ लंडनच्या जवाहिऱ्यांच्या पेढीतून निघालेल्या आणि स्विंडन येथे कारखाना असलेल्या गॅरार्ड कंपनीने १९५३ च्या सुमारास ‘३०१’ हे टर्नटेबल पुढे आणले, ते या गरजेपोटी. थाळी जड आणि तोललेली. मोटर स्प्रिंगांवर टांगलेली. मोटरची गती रबरी चाकाच्या द्वारे थाळीच्या कडेला पोहोचविलेली. मात्र हे रबरी चाक दाबलेल्या स्थितीत तसेच राहिले तर एका जागी चपटे होते आणि पुढे ठक् ठक् असा आवाज देते.

अशा वेळी दोष कोठे आहे हे ओळखण्यात खरे कौशल्य आहे. दीर्घ तबकडीवर दर १.८ सेकंदांनी सूर हेलकावत असेल आणि सुईचा दांडा डावी-उजवीकडे झुलत असेल, तर थाळी निर्दोष असून तबकडीचे छिद्र मध्यावर नाही, असे बहुधा ठरते. छिद्र अर्धा मिलिमीटर सरकलेले असले, तरी मध्यापासून दहा सेंटिमीटरवर सूर अर्धा टक्का वर आणि तेवढाच खाली जातो. ठोका याहून जलद पडत असेल, तर संशयित रबरी चाक किंवा मोटर. यंत्र हातात येताच कारखान्याला दूषण देणारे पुष्कळ असतात. दांड्याकडे दोन मिनिटे पाहणारे थोडे.

दिल्लीत या शोधाला आणखी एक पेच होता. गती तपासण्यासाठी रेषांची चकती थाळीवर ठेवून तिच्यावर विजेच्या दिव्याचा प्रकाश पाडतात. वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असेल, तर ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेषा लागतात. गती बरोबर असली की त्या स्थिर दिसतात. परंतु मोटर आणि दिवा दोन्ही एकाच तारेवर! आवर्तने घटली की दोन्ही एकदमच मंदावतात आणि रेषा स्थिरच्या स्थिर दिसतात. उत्तर भारताच्या वीजजाळ्यात मागणी वाढली की आवर्तनांची संख्या एके काळी ४९ च्याही खाली जात असे. ती ४८.५ झाली, तर सूर जवळजवळ पाव स्वराने उतरे. डोळे म्हणत, यंत्र ठीक आहे. कान म्हणत, नाही. नव्या यंत्राच्या मालकाने कोणावर विश्वास ठेवावा? हार्मोनियमच्या एका पट्टीने या तंट्याचा निकाल लागे, कारण तिला विजेची आवर्तने ठाऊक नव्हती.

डिसेंबर २००२ मध्ये उत्तर विभागात वीजपुरवठ्याची नवी दरपद्धती लागू झाली. आवर्तने घटलेली असताना ठरल्याहून अधिक वीज ओढणाऱ्या राज्याला जास्त दर पडू लागला आणि वीजजाळे पुष्कळ स्थिरावले. तोवर यंत्रविद्येने आपला मार्ग वेगळा काढला होता. १९७५ च्या सुमारास जपानी टर्नटेबलांत क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर गती बांधण्यात आली आणि थाळी विजेच्या आवर्तनांतून मुक्त झाली.

तरीही या अचूक यंत्रांना गती कमी-अधिक करण्याची सोय ठेवावी लागतेच. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पुष्कळ तबकड्या ७८ च्या गतीने मुळी कोरल्याच गेल्या नव्हत्या. ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या मोटरचा त्या दिवशीचा वेग त्यांत कायमचा गोठलेला आहे, आणि तो शोधण्यासाठी आजही साथीच्या पेटीचा सूर व गवयाच्या गळ्याचा नैसर्गिक पोत यांचाच आधार घ्यावा लागतो.