शिवेचा साक्षीदार

नगर जिल्ह्याचा इतिहास म्हटला की अहमद निजामशहा, चांदबिबी, भुईकोट किल्ला आणि १९४२ ते १९४५ ह्या काळात त्या किल्ल्यात कैदेत असलेले नेहरू, एवढ्यावर आपली पाठ्यपुस्तके थांबतात. जिल्ह्याची पूर्वेकडची पट्टी ह्या इतिहासात जवळजवळ नाहीच. जामखेड, पाथर्डी, शेवगाव म्हणजे दुष्काळ आणि ऊसतोडीला जाणारी माणसे, अशी आपली समजूत. वस्तुतः सप्टेंबर १९४८ पर्यंत ही पट्टी म्हणजे दोन सत्तांमधली सरहद्द होती. शेवटच्या सव्वाशे वर्षांत अलीकडे इंग्रजी मुलूख आणि पलीकडे निजामाची मोगलाई. जामखेडकडची गावे तर मोगलाईतल्या गावांत अशी मिसळलेली होती की जवळच्या बाजाराला जायचे तरी राज्य ओलांडावे लागे.

सरहद्द हा दरबारी शब्द आहे. गावाचा शब्द शीव. राज्ये बदलली, तहनामे झाले, पण शीव तीच राहिली. आणि ती पाठ होती ती महाराला. कुठला धोंडा हद्दीचा, कुठल्या बाभळीपासून ओढा शेजारच्या गावचा, हे पाटील-कुलकर्ण्यांना कागदावरून कळे, महाराला पायाखालून कळे. दोन गावांचा शिवेवरून तंटा पडला की गोतसभा बसे आणि पुष्कळदा महारालाच शपथ घालून शीव चालायला लावीत. तो चालेल ती हद्द. खोटा चालला तर अरिष्ट त्याच्या घरावर यायचे. जमिनीचा लाभ मात्र पाटलाच्या घरात जायचा. ज्याला वेशीच्या आत घर बांधायची मुभा नाही, त्याच्याच पावलांनी गाव कुठे संपते हे ठरत होते! ह्या विसंगतीवर आमच्या एकाही प्रस्थापित इतिहासकाराला थांबावेसे वाटले नाही. १८५२ साली गूडाइन नावाच्या इंग्रज अंमलदाराने दख्खनच्या गावगाड्यावर अहवाल लिहिला, तो मुख्यतः ह्याच नगर जिल्ह्याच्या वतनदारांच्या हक्कांविषयी. ग्रामव्यवस्थेतले महाराचे महत्त्व त्या परक्या माणसाच्या ध्यानात आले होते.

आता खर्डा. जामखेड तालुक्यातले हे गाव. तिथला किल्ला सुलतानजी निंबाळकराने १७४३ च्या सुमारास बांधला. हा निंबाळकर मराठा, पण चाकरी निजामाची. सरहद्दीवर निष्ठा अशाच असतात. धर्मयुद्धाच्या चौकटीत हा मुलूख बसवू पाहणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे. ११ मार्च १७९५ रोजी ह्याच परिसरात पेशवे आणि निजाम ह्यांची गाठ पडली. निजाम अली माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, कोंडला गेला आणि त्याला मानहानीचा तह करावा लागला. मराठेशाहीचा हा अखेरचा मोठा विजय. सवाई माधवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले, आणि पुढे तेवीस वर्षांत राज्यच गेले.

पण ह्या लढाईची आणखी एक हकिकत परंपरेने सांभाळली आहे. कळंबीचा शिदनाक महार आपले पथक घेऊन पेशव्यांच्या फौजेत होता. छावणीत त्याचा तंबू इतर सरदारांच्या तंबूंशेजारी पडला आणि तक्रार उठली. शत्रू समोर उभा, आणि आमच्या वीरांना चिंता विटाळाची! तेव्हा एका जाणत्या सरदाराने पेशव्याला बजावले, की ही जेवणाची पंगत नव्हे, इथे तलवार पाहायची, जात नाही. पुढे परशुरामभाऊ पटवर्धन शत्रूच्या गराड्यात सापडले असता शिदनाकाने त्यांना वाचवले, असे ही कथा सांगते.

ही कथा आपल्याकडे अभिमानाने सांगतात आणि तिथेच सोडून देतात. मला तिच्यातले तंबूचे प्रकरण अधिक बोलके वाटते. तलवारीची पंगत लढाईपुरती होती. पटवर्धनांचा जीव वाचला म्हणून महारवाडा गावकुसाच्या आत आला काय? शौर्याने अस्पृश्यता जात असती तर ती खर्ड्यातच गेली असती. आपण शिदनाकाचा पुतळा जरूर उभारावा, पण त्या तक्रार करणाऱ्यांनाही विसरू नये.

इंग्रजी अमदानीत तलवारही गेली आणि राहिले ते वतन. सरकारी टपाल, खजिन्याची राखण, साहेबाच्या मुक्कामाची तजवीज, मेलेले ढोर ओढणे आणि अर्थात शीव दाखवणे. माझ्या आजोबांनी हे सारे केले आहे. वतनाच्या जमिनीचा तुकडा म्हणजे मान, असे त्यांना अखेरपर्यंत वाटे, आणि त्या तुकड्यानेच त्यांना चोवीस तासांचे वेठबिगार केले होते. बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात ह्या वतनाविरुद्ध बिल आणले. पुढे सरकारने वतनी जमिनीवरची जुडी वाढवायचे ठरवले, तेव्हा १६ डिसेंबर १९३९ रोजी महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद भरली, तीही ह्याच जिल्ह्यात, साखर कारखान्याच्या हरेगावला. बाबासाहेब तिथे बोलले. तरी वतन रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. नेहरूंच्या कोठडीची गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. हरेगाव परिषदेचे नाव माझ्या वर्गात दोन हात वर करून सांगतात.

नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी हैदराबाद संस्थानातल्या अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका, असे जाहीरपणे बजावले. दहा महिन्यांनी, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ह्या पाच दिवसांत, पोलिस कारवाईने निजामी राजवट संपली. नगरच्या पूर्वेची सरहद्द नकाशावर जिल्ह्याची एक साधी रेघ झाली. गावातली रेघ मात्र कोणत्याही फौजेच्या कक्षेत येत नव्हती.

२८ एप्रिल २०१४ रोजी, त्याच खर्ड्यात, सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलला, हा त्याच्यावरचा ठपका. खटला नगरच्या न्यायालयात चालला. एकामागून एक साक्षीदार फिरले. त्यांत शिक्षकही होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. २०२१ च्या दसऱ्याला खर्ड्याच्या किल्ल्यापाशी ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभा राहिला आणि १७९५ च्या विजयाची पुन्हा आठवण निघाली. ज्या गावाच्या शिवेसाठी एके काळी महाराची एकट्याची साक्ष पुरत होती, त्या गावात आपल्या मुलाच्या खुनाला त्या आईबापांना साक्षीदार मिळाला नाही.