नियंत्रण-आलेख व प्रक्रिया-क्षमता

उत्पादनाची प्रक्रिया स्थिर आहे का, हे नियंत्रण-आलेख दाखवतो. ती स्थिर असेल तर ड्रॉइंगवरचा टॉलरन्स तिला पेलतो का, हे सीपी व सीपीके हे क्षमता-निर्देशांक सांगतात. हा क्रम मोडू नये. अस्थिर प्रक्रियेचा सीपीके हा नुसता आकडा असतो.

असा आलेख वॉल्टर शूहार्ट यांनी अमेरिकेत मे १९२४ मध्ये प्रथम मांडला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. छत्रपती संभाजीनगरात वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग पुरवणाऱ्यांची संख्या वाढत गेली. आज चिकलठाणा वसाहतीपासून वाळूजपर्यंत या व्यवसायातल्या माणसांच्या बोलण्यात सीपीके सर्रास येतो.

समजा, सीएनसी लेथवर २०.०० ± ०.०३ मिमी व्यासाची पिन निघते आहे. दर तासाला सलग पाच नग मोजले. एकूण सरासरी २०.०१२ आली आणि गटांतल्या मोठ्या-लहान मापांतील फरकाची सरासरी ०.०१८६. याला पाच नगांच्या गटासाठीच्या २.३२६ या स्थिरांकाने भागले की प्रमाण विचलन (सिग्मा) ०.००८ मिमी मिळते. सरासरीच्या आलेखाच्या मर्यादा २०.०१२ ± (०.५७७ × ०.०१८६) (०.५७७ हाही पाच नगांच्या गटासाठीचा स्थिरांक), म्हणजे सुमारे २०.००१ व २०.०२३. सगळे बिंदू आत, मध्यरेषेच्या एकाच बाजूला सलग आठ बिंदूंची रांगही नाही. तेव्हा प्रक्रिया स्थिर. आता सीपी = टॉलरन्सची एकूण रुंदी ÷ सहा सिग्मा = ०.०६ ÷ ०.०४८ = १.२५. सीपीके मात्र ड्रॉइंगच्या जवळच्या मर्यादेपर्यंतचे अंतर तीन सिग्मांनी भागून काढतात : ०.०१८ ÷ ०.०२४ = ०.७५. मापे सामान्य वितरणाची असतील तर हजारी सुमारे बारा पिना जाड निघतील. आलेख निर्दोष, तरी रिजेक्शन चालूच.

ऑफसेट देऊन व्यास १२ मायक्रॉनने खाली आणला की सीपीके १.२५ होतो. ग्राहकाने १.३३ मागितले असेल तर ऑफसेटने भागत नाही. इन्सर्ट, चकचे जॉ, कूलंट यांकडे वळून पसारा कमी करावा लागतो.

सरासरीच्या आलेखावर ड्रॉइंगच्या मर्यादा आखणे ही सर्रास आढळणारी चूक. पाच नगांच्या सरासरीचा पसारा एकेका नगाच्या पसाऱ्यापेक्षा √५ पटींनी कमी असतो. वरच्या उदाहरणात एखाद्या गटाची सरासरी २०.०२५ आली तर ती ड्रॉइंगमध्ये बसते, पण आलेखाच्या मर्यादेबाहेर असते. काहीतरी बिघडले आहे आणि मशीन थांबवून बघायला हवे. याउलट, आतल्या प्रत्येक बिंदूला घाबरून ऑपरेटर ऑफसेट हलवत राहिला तर पसारा वाढतो. तीन सिग्मांच्या मर्यादा स्थिर प्रक्रियेतही सरासरी ३७० बिंदूंत एकदा खोटी हाक देतात, तेवढे सोसावे.

ऑडिटच्या आदल्या दिवशी तीस नग मोजून काढलेला १.३३ सीपीके फार विश्वासाचा नसतो : ९५ टक्के खात्रीने खरी किंमत ०.९७ ते १.६९ यांत कुठेही असू शकते. शिवाय सीपीके गटांतल्या पसाऱ्यावरून निघतो, तर पीपीके हा दुसरा निर्देशांक सगळ्या मापांच्या एकत्रित पसाऱ्यावरून. दोहोंत मोठे अंतर दिसले की शिफ्ट बदलताना, नवी बार चढवताना किंवा टूल झिजताना सरासरी सरकली का, ते आलेखावर शोधतात.