पिंप म्हणजे नेमकं किती?

गुरुवारी पाणी बंद असलं की स्वारगेटला आमच्या घरी तयारी बुधवारी रात्रीच सुरू व्हायची. आई निळं पिंप काठोकाठ भरून ठेवायची. हे पिंप मूळचं दारूचं, हे मला फार उशिरा कळलं!

पोर्तुगीजांचा 'पीपा' म्हणजे वाईनचं मोठं लाकडी पीप. पोर्ट वाईन ज्या दोरू नदीच्या खोऱ्यात होते, तिथे आजही पीपा हे माप आहे. एक पीपा म्हणजे 550 लिटर. गोव्याकडे निघालेल्या त्यांच्या जहाजांवर अशाच पिपांतून वाईन यायची आणि प्यायचं पाणीही.

वसईत ते 1534 पासून दोनशे वर्षं होते. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्यांची सत्ता गेली. पीप, घमेलं, चावी, पगार मात्र आपल्याकडेच राहिले. 'तिंतो' म्हणजे लाल वाईन, 'ब्रांको' म्हणजे पांढरी. हे शब्द काही घाट चढून आले नाहीत. आपल्याला त्यांची गरजही नव्हती म्हणा.

शब्द आला, पण माप नाही आलं. परवा पिंपामागे पैसे घेणाऱ्या टँकरवाल्याला विचारलं, "पिंप म्हणजे किती लिटर?" तो म्हणाला, "भरेल तेवढं, काका." आमच्या पिंपावर 200 चा शिक्का आहे. शेजारच्यांचं बुटकं, त्यावर काहीच नाही. पैसे दोघांनी सारखेच दिले.

तुमच्याकडे हिशेब लिटरात होतो की पिंपात? कॉमेंटमध्ये सांगा.